पाणी पाच दिवसांआड, आणि आमदारानं नाटक-खो-खोवर प्रश्न विचारायचे?

पार्ककट्टा
सोलापूर जिल्ह्यात आमदार ११. त्यांच्याकडं आपण रस्ते, पाणी, उसाचा दर, विमानं मागतो, आणि ते रास्तच आहे. पण कला, क्रीडा आणि माध्यमं या खात्यांची धोरणं ठरतात, जीआर निघतात, पैसे सुटतात (किंवा सुटत नाहीत), आणि पुढं काय झालं हे सभागृहात खोदून विचारायची फारशी कुणाला हौस नाही, असं माझं मत. आमदाराची क्रीडा म्हणजे आमदार चषक. आमदाराची कला म्हणजे नारळ, शाल आणि फ्लेक्स.

एकच उदाहरण देतो. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचं मानधन २०२४ मध्ये सरसकट महिना ५,००० रुपये झालं. आधी राष्ट्रीय, राज्य, स्थानिक अशा पायऱ्या होत्या. बरं झालं. आता जिल्ह्यात अर्ज किती आले, मंजूर किती झाले, निवड समिती शेवटची कधी बसली आणि पैसे कुठल्या महिन्यापर्यंतचे जमा झालेत? एक तारांकित प्रश्न, त्यावर चार उपप्रश्न. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात छापलं जातं. सत्तरीतल्या सनईवाल्याला 'संस्कृती आमचा श्वास आहे' या भाषणापेक्षा हे जास्त उपयोगाचं. तुमचं काय म्हणणं?

कडकभाकरी
काय बे, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. उजनी भरली तरी आमी रात्री दोनला उठून पिंप भरायचं. आणि तुमाला सनईचं पडलंय? प्रश्नोत्तराच्या तासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रश्न होतात. त्यातला एक जरी वाया घालवला तरी आमच्या गल्लीत त्या आमदाराला उभं करू नये. आधी पाणी, मग नाटक.

पार्ककट्टा
@कडकभाकरी, प्रश्नांसाठी खात्यांचे वार वाटून दिलेले असतात. सांस्कृतिक कार्याच्या दिवशी पाणीपुरवठ्याचा प्रश्न लागतच नाही. त्या दिवशी आपला आमदार गप्प बसला म्हणून तुझ्या नळाला धार लागत नाही. आणि पाण्यावर गेली कित्येक वर्षं प्रश्न, लक्षवेधी, मोर्चे सगळं झालंय. 'आधी पाणी' म्हणत बाकी सगळं सोडलं आणि पाणीही आलं नाही.

कडकभाकरी
वार वेगळे असतील. आमदाराचा पीए एकच असतोय की ओ. तो कुठल्या फायली काढणार? त्याचा वेळ बी मोजा.

रंगपट
माझा विरोध वेगळ्या कारणानं. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं आहे. या राज्यात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. कुणी काय बोलायचं ते आधी कागदावर दाखवायचं आणि मग तिसरी घंटा द्यायची. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, हे आठवत असेल. आता मला सांगा, आमदाराला नाटकात रस कधी येतो? भावना दुखावल्या की. मग औचित्याचा मुद्दा, मग 'बंदी घालणार का?' हा प्रश्न. आमच्याकडं त्यांचं लक्ष नाही तेच बरं. तुम्ही हौसेनं बोलावून आणलेली नजर उद्या संहितेवरच पडेल.

पार्ककट्टा
पण ते मंडळ आमदारांची नजर नसताना टिकलंय ना? कुणी दरवर्षी विचारलं असतं की किती संहिता आल्या, किती अडवल्या, कोणती वाक्यं कापली, तर त्याला आपलं असणं पटवून द्यावं लागलं असतं. मी सरकारवर नजर ठेवा म्हणतोय, कलावंतावर नाही.

रंगपट
कागदावर हा फरक सोपा आहे. सभागृहात तो टिकत नाही.

फाइलवाला
बाहेरची पद्धत सांगतो. ब्रिटनच्या कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, संस्कृती, माध्यमं आणि क्रीडा या एका खात्यावर ११ खासदारांची समिती बसते. खातेनिहाय समित्या तिथं १९७९ पासून आहेत. अहवाल आला की सरकारनं साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. १६ नोव्हेंबर २०२१ ला यॉर्कशायरचा माजी क्रिकेटपटू अझीम रफिक या समितीपुढं बसून क्लबमधल्या वर्णद्वेषाबद्दल बोलला. समितीपुढच्या साक्षीला संसदेचं संरक्षण असतं, म्हणून नावं घेऊन बोलला.

आपल्या संसदेत हेच तीन ठिकाणी वाटलंय: क्रीडा शिक्षणाच्या समितीत, संस्कृती परिवहन-पर्यटनाबरोबर आणि माध्यमं माहिती-तंत्रज्ञानाच्या समितीत. प्रत्येकीत ३१ खासदार. संस्कृती रस्ते आणि विमानांच्या शेजारी बसवली की तिच्या वाट्याला किती बैठका येतील याचा अंदाज करा.

नवीपेठकर
@फाइलवाला, साहेबांचं कौतुक आवरा. त्याच समितीपुढं जुलै २०११ मध्ये वर्तमानपत्रांचे बडे मालक रुपर्ट मर्डॉक आले आणि लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांच्यावर आलेली शेव्हिंग फोमची थाळी. त्यांचा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा पेपर त्याआधीच बंद झाला होता, तोही दुसऱ्या एका वर्तमानपत्रानं त्याचं फोन हॅकिंगचं प्रकरण लावून धरलं म्हणून. काम बातमीदारानं केलं, कॅमेरा खासदारांवर.

आणि आपल्याकडं? राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक २३ जुलै २०२५ ला मांडलं, ११ ऑगस्टला लोकसभेत आणि १२ ला राज्यसभेत मंजूर. समितीकडं गेलंच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांनाच माहिती अधिकार लागू, म्हणजे बीसीसीआय बाहेर. एवढी मोठी गोष्ट तीन आठवड्यांत उरकली आणि तुम्ही विधानसभेतल्या एका प्रश्नावर आशा लावून बसलात.

विधान परिषदेचं तर बोलूच नका. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी राज्यपालनियुक्त १२ जागा. तिथं गदिमा बसले, ना. धों. महानोर बसले. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली १२ नावं राज्यपालांकडं पडून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांनी शपथ घेतली. त्यात लेखक, नट, गायक शोधून दाखवा. ज्या दारानं कलेची माणसं आत यायची तेच कार्यकर्त्यांच्या पुनर्वसनाला दिलंय. प्रश्न विचारणार कोण?

फाइलवाला
समितीकडं पाठवलं नाही, ही तक्रार तर तुम्हीच करताय. म्हणजे पाठवायला हवं होतं, हे मान्य.

नवीपेठकर
मान्य. पण पाठवलं असतं तरी काय उपटलं असतं, हा माझा प्रश्न उरतोच.

पूर्वभाग
मला धोरणातलाच प्रश्न आहे. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, पेठेत कन्नड ऐकू येतं. मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो तेव्हा निम्मं सोलापूर रस्त्यावर असतं. राज्याचं सांस्कृतिक धोरण २०१० ला आलं, सुधारित २०२४ ला. मराठीला अभिजात दर्जा मिळाला याचा आनंद आम्हालाही झाला, पेढे आम्हीही वाटले. पण पिढ्यान् पिढ्या मागावर बसून तेलुगूत गाणारी माणसं या धोरणात कुठं बसतात, हे मंत्र्याच्या तोंडून ऐकायचंय. हा प्रश्न सोलापूरच्या आमदारानं नाही विचारायचा तर काय गडचिरोलीच्या?

खोखोवेळापूर
नाटकावरच अडकलात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकले. पुरुष संघात आमच्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. सामने मॅटवर. गावोगावची पोरं पळतात मातीवर. पायातले बूट वेगळे, वळण वेगळं, खांबाजवळचा झपाटा वेगळा. मॅटवर पहिल्यांदा उतरलेलं पोरगं घसरतं आणि निवड चाचणीतच बाहेर. जिल्ह्यातल्या किती तालुका क्रीडा संकुलांत खो-खोची मॅट आहे, आणि ती अंथरलेली आहे की गुंडाळून ठेवलीय, एवढं विचारा. सत्कार पुष्कळ झाले.

दुसरं, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, म्हणून पडताळणी कडक झाली. चांगलंच. पण खऱ्या खेळाडूचा कागदही त्याच ढिगात. पडताळणीला सरासरी किती दिवस लागतात, हे विचारायला सभागृहच हवं. आम्ही गेलो तर 'साहेब मीटिंगला गेलेत'.

कडकभाकरी
ह्ये मॅटचं पटलं बघा. सनईचं अजून नाही.

पार्ककट्टा
माध्यमांचं कुणी काढलंच नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचं विधेयक दोन्ही सभागृहांनी २०१७ मध्ये मंजूर केलं. त्या कायद्याखाली जिल्ह्यात गुन्हे किती नोंदले गेले आणि शिक्षा किती झाल्या? मॅट, पडताळणी, मानधन, तेलुगू आणि हे, असे पाच प्रश्न लिहून अकराही आमदारांना देऊ. जो लावेल त्याचं नाव इथंच लिहू, पक्ष न बघता.

नवीपेठकर
प्रश्न आपण लिहायचा, फ्लेक्सवर फोटो त्यांचा. आणि मंत्री म्हणणार, 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो.'

फाइलवाला
म्हणू देत. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द, तो पाळला का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडं जातो. तिच्यामागं लागायलाही आमदारच लागतो, आणि तेवढ्यासाठी तरी तो शब्द आधी त्याच्याकडून काढून घ्यायला हवा.

रंगपट
माझा सहावा घाला: परिनिरीक्षण मंडळ अजून कशासाठी हवंय? बाकीचे पाच कुणीतरी लावेलही. हा लावणारा आमदार, कुठल्याही पक्षाचा, मला दाखवा. तोवर माझं मत आहे तिथंच.