गोल्डफिश घ्यावेत का? लेक हट्टाला पेटली आहे

डोंबिवलीकरीण:
नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांची. मैत्रिणीकडे मासे बघून आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कुत्रा-मांजर सासूबाईंना चालणार नाही. दुकानदार म्हणतो, काचेचा गोल बाऊल, दोन गोल्डफिश आणि खाण्याची डबी, सगळं मिळून साडेतीनशे. आठवड्यातून एकदा पाणी बदला की झालं. आम्ही दोघंही सकाळी सातला घर सोडतो. खरंच इतकं सोपं असतं का?

निवांत:
घ्या हो बिनधास्त. आमच्याकडे लहानपणी बाऊलमध्येच होते, मजेत होते.

टाकीवाला_ठाणे:
निवांतराव, किती दिवस मजेत होते तेही लिहा की.

ताई, आठ वर्षांपूर्वी मीही असाच बाऊल आणला होता. पाच दिवस झकास गेले. सहाव्या दिवशी सकाळी दोघंही वर येऊन तोंडाने मचमच करत होते. बायको म्हणाली, भूक लागली असेल. मी आणखी दाणे टाकले. संध्याकाळी एक आडवा. दुसऱ्याला वाचवायचं म्हणून मी बाऊल भांड्याच्या साबणाने लखलखीत घासला, नळाचं ताजं पाणी भरलं आणि त्यालाही मारलं. मुलाला सांगितलं, मासे म्हातारे होते. दोन इंचाचे म्हातारे!

झालं काय होतं ते नंतर कळलं. गोल्डफिशला जठर नसतं; तो सतत खातो आणि तितकीच घाण करतो. त्या घाणीतून आणि त्याच्या कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया जातो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण कल्ले भाजून निघतात. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू बसलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून आधी टाकी, फिल्टर चालू, रोज चिमूटभर खाणं टाकून ते सडू द्यायचं म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि मासे शेवटी. आपण नेमकं उलटं करतो.

आणखी एक, दुकानातला मासा हे पिल्लू असतं. लांबुळका कॉमेट जातीचा फूटभर वाढतो, त्याला तळंच हवं. फ्लॅटसाठी गुबगुबीत ओरांडा किंवा र्‍युकिन बघा. तेही सहा-सात इंच होतात. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे लेक बारावीत जाईल तेव्हाही तो असेल. दोघांना शंभर लिटर तरी द्या. नुसतं पाणीच शंभर किलो होतं, टीव्हीच्या युनिटवर ठेवू नका.

एकदा बस्तान बसलं की काम फार नाही. रविवारी नळीने पाव टाकी पाणी काढतो (मोगऱ्याला घालतो, मोगरा खूश), भरून ठेवलेल्या बादल्यांत अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) टाकून तेवढंच परत भरतो. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धरलात तर क्लोरीनने जिवाणू गेले. मे महिन्यात लाइट गेली की धावपळ होते, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. बॅटरीवरचा एअर पंप ठेवलाय. गणपतीला आठवडाभर गावी जातो तेव्हा खाणं बंद. मासे उपाशी मरत नाहीत, शेजाऱ्यांच्या प्रेमाने मरतात.

आणि लेक सगळं करेल असं धरून चालू नका. माझा मुलगा पहिला महिना दाणे टाकायला भांडायचा. आता नववीत आहे, टाकीसमोर बसून मोबाइल बघतो.

कावेरी_नाशिक:
+१. आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात नाहीतर नदीत सोडू नका, पुण्य वगैरे काही लागत नाही. तळ खणून पाणी गढूळ करतात, तिथल्या माशांची अंडी खातात. दुकानात परत द्या.

डोंबिवलीकरीण:
बापरे. साडेतीनशेचं प्रकरण चार-पाच हजारांवर गेलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला तुझ्या वाढदिवसाच्या साडीतून कापू. टाकी घेतोय, पण सहा आठवडे रिकामं पाणी बघायला लेक तयार नाही. काही जवळचा रस्ता?

टाकीवाला_ठाणे:
आहे. माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज घेऊन जा, तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. त्यावर जिवाणू तयारच आहेत. मग एक मासा आणा, महिन्याने दुसरा. पण स्पंज वाळता कामा नये, टाकीच्याच पाण्यात बुडवून न्या आणि घरी गेल्या गेल्या लावा.

डोंबिवलीकरीण:
रविवारी येते, लेकीला घेऊन. स्टीलचा डबा चालेल ना?

टाकीवाला_ठाणे:
पळेल. फक्त घासताना साबण लावू नका.