बाबांची खालची कवळी भजनात सुटते – मदत हवी आहे

कुळागरातली_मैना, फोंडा

नमस्कार मंडळी,

विषय तसा घरातलाच, पण घरातल्या सगळ्यांचे सल्ले ऐकून झाले म्हणून इथे मांडते.

बाबा ७२ वर्षांचे. वरचे दात सहा-सात वर्षांपूर्वीच गेले, वरची कवळी त्यांच्या अंगवळणी पडली होती. खाली पुढचे पाच दात तग धरून होते. तेही हलायला लागले म्हणून फेब्रुवारीत काढले आणि एप्रिलमध्ये वर-खाली नव्या कवळ्या करून घेतल्या. वरची झकास बसलीय. खालचीचं मात्र रोजचं रामायण. बोलताना उचलते, जेवताना डाव्या बाजूला हिरडीला टोचते. बाबा चाळीस वर्षं भजनात गातात. ‘विठ्ठल’ म्हणताना नेमकी ‘ठ्ठ’वर कवळी वर येते आणि टाळांच्या आवाजातही तो ‘टक्’ आम्हाला ऐकू येतो. ते स्वतः म्हणतात, “तोंडांत लगाम घाल्ल्यावरी दिसता.”

जिथे करून घेतली तिथे दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा थोडी घासून दिली. दुसऱ्यांदा ‘सवय होईल हो आजोबा’ म्हणून वाटेला लावलं. तेव्हापासून खालची कवळी स्टीलच्या पेल्यात पडून आहे, वरची तेवढी तोंडात. श्रावणात दामोदर सप्ताहाच्या अखंड भजनाला वास्कोला जायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. यंदा म्हणतात, मी नुसते टाळ धरीन.

हे खरंच सवयीचं आहे की कवळीच चुकली आहे, ते कसं ओळखायचं? नवीन करावी का? आणि रात्री काढून ठेवायची की नाही? डॉक्टर एक म्हणतात, आमची आत्या दुसरंच. बाबांना बीपी आणि साखर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. पानसुपारीही आहे. नाही म्हणू नका, घरच्या कुळागरातली, म्हणजे आमच्याच सुपारीच्या बागेतली आहे.

---

तिसऱ्यांचं_सुकं

मैनाताई, आमच्या काकांची कवळी लग्नाच्या पंगतीत गेली. जिलेबी खाताना त्रास होतो म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळली, रुमाल केळीच्या पानावर ठेवला, आणि वाढप्यांनी पानं उचलली. मग मांडवामागे उष्ट्या पानांच्या ढिगात दोन पुतणे टॉर्च घेऊन शोधत होते. सापडली! पण काकूंनी ती घरात घेऊ दिली नाही. तेव्हा पहिला सल्ला, झाकणाची डबी घ्या आणि ती कायम खिशात.

---

मांडवीपल्याड

माझी आई गरम पाण्यात टाकून टूथपेस्टने घासते, अगदी लख्ख राहते. बाबांची सैल असेल तर बाजारात चिकटवायची क्रीम मिळते, ती भरपूर लावा. प्रश्न मिटला.

---

दातांचा_मिस्त्री, मडगाव

पेशाने दंतवैद्य आहे, म्हणून जरा लांबण लावतो. आधी मांडवीपल्याड यांना हात जोडून: आईंचं गरम पाणी आजच बंद करा. कवळी ॲक्रिलिकची असते. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो, आणि मग आपण म्हणतो हिरडीच बदलली. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत कण असतात. खऱ्या दातावर ते चालतात, ॲक्रिलिकवर ओरखडे पाडतात आणि त्या ओरखड्यांत बुरशी घर करते. लख्ख दिसणारी कवळीच कधी कधी जास्त घाण असते. मऊ ब्रश आणि भांडी घासायचा सौम्य साबण पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली पंचा पसरा. निम्म्या कवळ्या बेसिनवर आपटूनच फुटतात असं मला दवाखान्यात बसून वाटतं.

आता बाबांची गोष्ट. वरची बसली आणि खालची बसत नाही, ही तक्रार माझ्याकडे रोज येते आणि त्यात नवल नाही. वरच्या कवळीला आख्खी टाळू मिळते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी ती धरून राहते. खालच्या कवळीचा आकार घोड्याच्या नालासारखा, मध्ये जीभ. धरायला जागाच कमी, त्यात जीभ दिवसभर तिला ढकलत असते. ‘ठ’ म्हणताना जीभ मागे आणि वर जाते, आलापात तोंड मोठं उघडलं की गालांचे स्नायू कवळीची कड उचलतात. म्हणजे बाबांचं गाणं नेमकं तिच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं.

दुसरं कारण कॅलेंडरमध्ये आहे. दात फेब्रुवारीत काढले, कवळी एप्रिलमध्ये झाली. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे एप्रिलमध्ये घेतलेलं माप आता जूनमध्ये थोडं जुनं झालं. यावर नवीन कवळीच हवी असं नाही. आहे त्याच कवळीला आतून नवं अस्तर लावता येतं. कोणी लगेच नवीन करायला सांगितलं तर ‘अस्तर का नको’ हे विचारा.

सवय की चूक, हे ओळखायला सोपी खूण: टोचते ती जागा रोज तीच असेल आणि तिथे लाल चट्टा किंवा जखम दिसत असेल, तर ते सवयीचं नाही, कवळी दवाखान्यात घासून घ्यायला हवी. मात्र दाखवायला जाण्याआधी एक दिवस ती घालून जेवा. नाहीतर जखम भरलेली असते आणि डॉक्टरला कुठे घासायचं ते कळत नाही. पेल्यात पडलेल्या कवळीचं निदान कोणालाच करता येत नाही. घरी कानशीने किंवा सँडपेपरने अजिबात घासू नका. फुटली तर झटपट गोंदाने चिकटवूही नका, तुकडे जरा जरी वाकडे बसले की दुरुस्तीची वाट लागते.

रात्रीचं: काढायची. हिरडीलाही उसंत हवी. काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी राहिली तर तीही वाकते. २०१५ साली जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट निघाला. रात्रभर तोंडात राहिलेल्या कवळीवरचे जंतू श्वासाबरोबर छातीत उतरतात, असा त्यामागचा विचार. आत्यांना एवढं सांगून बघा.

साखर असल्यामुळे बाबांना हे जास्तच लागू. कवळीखालची टाळू लालभडक दिसली किंवा ओठांच्या कडा फाटल्या, तर ती बुरशी असू शकते, मलम आणून लावत बसू नका, दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे वरची कवळीही सैल आणि खालची टोचरी. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि भजनाला बसताना पाण्याची बाटली जवळ ठेवा.

चिकटवायची क्रीम वाईट नाही. पण वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके, कवळी कोरडी पुसून. ‘भरपूर’ लावावी लागत असेल तर कवळीचं माप चुकलंय असं समजा. घेताना जस्त नसलेली बघा. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरणाऱ्या काही लोकांच्या अंगातलं तांबं कमी होऊन हातापायांच्या नसांवर परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत.

सुपारीबद्दल बोललो नाही तर माझी डिग्री काढून घेतील. कुळागरातली असो की दुकानातली, सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते, तंबाखू नसली तरी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तसं स्पष्ट नोंदवलं आहे. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर ती ‘कवळी लागली असेल’ म्हणून सोडू नका. दात एकही नसला तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यायचं.

---

तिसऱ्यांचं_सुकं

मिस्त्री, ओल्या काचेचं उदाहरण आवडलं. माशांचं काय ते सांगा, गोव्यात महत्त्वाचा प्रश्न तोच.

---

दातांचा_मिस्त्री, मडगाव

बरं विचारलंत, विसरलोच होतो. वरच्या कवळीने टाळू झाकली जाते, त्यामुळे काटा जिभेला आणि टाळूला आधी कळतो तसा कळत नाही. गरम चहाही घशात गेल्यावर समजतो. म्हणून पहिले काही आठवडे मुडदोशी आणि पेडवे दूर ठेवा. इसवण बरा, काटे मोठे आणि मोजके. हुमणातला (कालवणातला) मासा ताटात हाताने पूर्ण सोडवून मगच तोंडात.

पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) कडक उंडो, म्हणजे गोल पाव, पुढच्या दातांनी तोडायचा नाही. पुढून चावलं की कवळी मागून उचलते. हाताने तुकडा करा, चहात किंवा रोसात (नारळाच्या रश्श्यात) बुडवा. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. नैसर्गिक दातांना जेवढा जोर असतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच कवळीला मिळतो, हे मनाशी धरलं की चिडचिड कमी होते. पेज, मऊ शिजलेलं खतखतें, मुगागाठी इथून सुरुवात. पेरूच्या बिया आणि तीळ कवळीखाली जाऊन बसतात. जत्रेतलं खाजें मात्र आता नातवंडांना.

---

डिचोलीचे_मास्तर

कवळीवाला मी, सोळा वर्षांचा अनुभव. मुलीने लिहिलेलं वाचून स्वतःचा पहिला महिना आठवला. वर्गात ‘संस्कृत’ म्हटलं की शीळ वाजायची. पोरं तोंडावर काही बोलत नव्हती, मागून शीळ घालायची.

मला ज्या डॉक्टरांनी कवळी बसवली त्यांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. मी ‘गोमन्तक’चा अग्रलेख वाचायचो, बायको पलीकडच्या खोलीत निघून जायची. ज्या शब्दाला अडखळलो तो दहा वेळा. पंधरा दिवसांत जीभ आपोआप खाली राहायला शिकते, कवळीच्या मागच्या बाजूवर हलकेच टेकून तिला धरून ठेवते. हे कुणी शिकवू शकत नाही, जिभेलाच उमगावं लागतं. तुमच्या बाबांना अग्रलेख नको, अभंगच वाचू देत, आधी नुसते बोलून, मग सुरात. पूर्ण आलापाला घाई नको. आणि पेल्यातून बाहेर काढा, रोज दोन तास तरी. न घालता सवय झालेला माणूस मी पाहिला नाही.

एक व्यवहाराचं. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० पासून. कवळ्यांचा वेगळा विभाग आहे. विद्यार्थी करतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यांच्या डोक्यावर शिकवणारे उभे असतात आणि ते घाई करत नाहीत. माप, मग जबडे मिटण्याची उंची, मग मेणात दात लावून बघणं, अशा चार-पाच फेऱ्या होतात. सकाळी लवकर जा. फोंड्याहून पणजीला उतरून दुसरी बस धरावी लागेल, बाबांना घरून पेज खाऊन निघायला सांगा.

---

मांडवीपल्याड

गरम पाणी बंद केलं. आई रुसलीय. तिची कवळी वाकलीय का बघायला नेतो आता.

एक विचारू? इम्प्लांटवाले हाडात स्क्रू बसवून खालचे दात पक्के करून देतात म्हणे. मैनाताईंच्या बाबांना ते का नको?

---

दातांचा_मिस्त्री, मडगाव

सगळे दात पक्के करायची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी बटणासारखी बसवतात, काढता-घालता येते. २००२ साली कॅनडात माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. गाणाऱ्या माणसाला तर फारच उपयोगाचा. पण खर्च आहे, शस्त्रक्रिया आहे आणि साखर आटोक्यात हवी. हाड किती उरलंय ते एक्स-रेवर बघावं लागतं. आधी अस्तर करून बघा, मग विचार करा.

---

कुळागरातली_मैना, फोंडा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. पावसाने नेट गेलं होतं.

मास्तरांचं ऐकून बाबांना बांबोळीला नेलं. आदल्या दिवशी कवळी घालून जेवायला लावलं. दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. तिथे एका तरुण मुलीने हिरडीवर आणि कवळीत काहीतरी पांढरं लावून, दाबून, नेमकी कुठे टोचते ते आम्हालाच दाखवलं. डाव्या बाजूची कड लांब होती. तेवढी घासली. अस्तर पुढच्या महिन्यात करू म्हणाल्या, आधी जखम भरू दे. टाळूही लाल निघाली, बुरशीचं औषध दिलंय. वरची झकास बसलीय असं मी इथे लिहिलं होतं, पण सहा वर्षं जुनी कवळी रात्री कधी काढलीच नव्हती हे तिथे पहिल्यांदा कबूल झालं. सवय नव्या कवळीतही तशीच चालू होती. आईसुद्धा चकित.

सुपारीवर घरात भांडण झालं. सध्या दिवसाला एका पानावर तडजोड आहे, मिस्त्री रागावतील ते माहीत आहे.

वाचन सुरू आहे. सकाळी ओसरीवर बसून हळूहळू एकेक अभंग म्हणतात, पोदेर भोंपू वाजवत आला की थांबतात, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. ‘विठ्ठल’ अजून पूर्ण जमत नाही, दहातून तीन वेळा ‘टक्’ येतो. काल पथकातले दोघे येऊन बसले होते. बाबांनी चाल सांगितली, आलाप त्यांना घ्यायला लावला.

आता शेवटचं विचारते. सप्ताहाच्या आधी अस्तर झालं नाही तर त्या एका दिवसापुरती क्रीम लावून गायला हरकत नाही ना? आणि झाकणाची डबी फोंड्यात कुठल्या दुकानात मिळेल? औषधांच्या दोन दुकानांत विचारलं, दोघांनी साबणाची डबी काढून दाखवली.

---

दातांचा_मिस्त्री, मडगाव

एका दिवसाला काहीच हरकत नाही, जखम भरलेली असली म्हणजे झालं. दोन-तीन ठिपके, तेही गायला बसण्याच्या थोडं आधी, आणि घरी आल्यावर हिरडीवरची सगळी क्रीम ओल्या कापडाने पुसून काढायची. साबणाची डबी चालेल, फक्त भोकं नसलेली बघा, पाणी राहायला हवं. वर मोठ्या अक्षरात ‘कवळी’ लिहा. सुपारीचं आपण समोरासमोर बोलू.