अग्निशमन केंद्र जवळ आलं, पण फाटकाच्या आतलं काय?

ए-३०२ : आनंदाची बातमी! चौकापलीकडचं अग्निशमन केंद्र सुरू झालं. आता आगीची काळजी मिटली.

बी-७०४ : चांगलंच झालं काका. पण बंब फाटकापर्यंत येईल, पुढचं आपलं. काल मुलांना केंद्र दाखवायला नेलं होतं. तिथल्या जवानाने विचारलं, "तुमच्या बिल्डिंगचा इनलेट कुठे आहे?" मला सांगता येईना. लाज वाटली.

सी-१०१ : ताई, इनलेट म्हणजे?

बी-७०४ : फाटकाशेजारी तो लाल पाइप आहे ना, झाकणं लावलेला. बंबाचा होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, तिथे जोडतात आणि बंबाचा पंप जिन्यातल्या उभ्या पाइपातून पाणी वर चढवतो. आपला पंप बंद असला तरी. सध्या त्याला टेकून एक काळी स्कूटर असते.

ए-३०२ : ती माझी. संध्याकाळी हलवतो.

बी-७०४ : काका, आत्ता 🙏

ए-५०१ : मी जरा लांबलचक लिहितो, राग मानू नका. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. जवान पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो. ते हटले नाहीत, पण कापूस आणि दारूगोळा एकत्र भरायचं आधी कुणीतरी ठरवलं होतंच ना? आता आपली मीटर रूम उघडून बघा. वायरींखाली जुनी गादी आणि पुठ्ठ्यांचा ढीग.

सी-६०३ : गादी आमची नाही.

ए-५०१ : कुणाचीही असो, आगीला ती चालते.

सेक्रेटरी : २००६ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी आपलीच आहे. परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. आपला आला आहे.

बी-७०४ : कागद आला, पण दादा, पंप सुरू झालेला कुणी पाहिलाय का? होज पेटीत उंदरांनी घर केलंय. पेटी उघडली तर होजच्या टोकाला लावायचं नोझलही नाही.

सेक्रेटरी : नोझल पितळी होतं. चोरीला गेलं. कमिटीत विषय घेतो.

सी-१०१ : आमच्या मजल्यावर लाल सिलिंडर आहे, तेवढ्याने नाही भागणार?

बी-७०४ : सहा किलोचा असेल तर १५-२० सेकंदांत रिकामा होतो. सुरुवातीच्या छोट्या आगीला ठीक. त्याने विझली नाही की दार ओढून घ्यायचं, १०१ लावायचा आणि जिन्याने खाली. लिफ्ट नाही. बहुतेकांचा जीव आधी धूर घेतो, ज्वाळा नंतर. म्हणून जिन्याची दारं विटा लावून उघडी ठेवू नका, प्लीज.

ए-३०२ : वीट पण माझीच. वारा येतो म्हणून ठेवली होती.

सेक्रेटरी : रविवारी १० वाजता पंप चालवून, होज सोडून बघू. जवानही येतो म्हणालाय. पंप रूमची चावी कुणाकडे आहे?

सी-६०३ : वॉचमनकडे नाही?

वॉचमन : साहेब, माझ्याकडे नाही. जुने सेक्रेटरी घेऊन गेले.