डॉज किंग्जवेमधील पर्किन्स डिझेल: कारखान्यातले की गॅरेजमधले?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. माझ्या मामांची १९५१ची डॉज किंग्जवे नुकतीच वाईहून पुण्यात आणली आहे. बॉनेट उघडले की सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी पर्किन्सचे चार सिलिंडरचे पी४ डिझेल इंजिन दिसते आणि त्याच्या पट्टीवर पीटरबरो, इंग्लंड असे कोरलेले आहे. मामा या गाडीतून वाई-पाचगणी मार्गावर प्रवासी नेत असत, आणि इंजिन बंद करताना किल्लीऐवजी डॅशबोर्डखालची तार ओढत असत, हे मला लहानपणापासून आठवते. गाडी परदेशातूनच डिझेल होऊन आली, असे घरातील सर्वांचे ठाम म्हणणे आहे. अमेरिकी कंपन्या निर्यातीसाठी अशा गाड्या खरोखर तयार करत असत का? गाडी विंटेज म्हणून नोंदवायची झाल्यास पेट्रोल इंजिन शोधून पुन्हा बसवावे का?

प्रतिसाद (भोसरी)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्यावरून आपली गाडी तशीच असेल असे ठरत नाही. जिथे पेट्रोल महाग होते आणि गाडी टॅक्सी म्हणून दिवसभर चालवायची होती, तिथे अमेरिकी गाडीत डिझेल इंजिन बसवण्याला अर्थ होता. स्पेनमध्ये बारेइरोस कंपनीने १९६५पासून माद्रिदमधील व्हिल्याव्हेर्दे येथे डॉज डार्ट बनवली. तिच्या डिझेल आवृत्तीत २००७ सीसीचे, ६५ अश्वशक्तीचे स्वतःचे इंजिन होते आणि ती प्रामुख्याने टॅक्सीसाठी वापरली गेली. खुद्द अमेरिकेत टॅक्सी बनवणाऱ्या चेकर कंपनीने १९६९मध्ये पर्किन्स ४.२३६ देऊ केले. पर्किन्सच्या या क्रमांकात पहिला आकडा सिलिंडरांचा आणि पुढचा घनइंचांचा असतो, म्हणजे हे इंजिन सुमारे ३.९ लिटरचे झाले. क्युबातील चित्र मात्र वेगळे आहे. तिथे जुन्या अमेरिकी गाड्यांत आज जी डिझेल इंजिने दिसतात, ती सुटे भाग मिळेनासे झाल्यावर स्थानिक मेकॅनिकांनी हाताला येईल ते इंजिन घालून बसवलेली आहेत.

आपल्याकडे १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या (डॉज, प्लायमाउथ वगैरे) गाड्या जुळवल्या जात असत, आणि किंग्जवे ही मुळात निर्यातीसाठी डॉजचे नाव लावलेली प्लायमाउथच होय. तिचे पेट्रोल इंजिन सुमारे ३.६ लिटरचे, तर पी४ सुमारे ३.१५ लिटरचे. आकारमान जवळपास सारखे असले तरी डिझेलचा वेग गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) बराच खाली रोखून धरतो, त्यामुळे मूळ क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शिअलमधील दातेरी चाकांची जोडी) तसेच ठेवले तर घाटात ओढ छान मिळते, पण सपाटीवर गाडी लवकर दमते. कारखान्याने काम केले असते तर डिफरन्शिअलचा विचार नक्कीच झाला असता. म्हणून दोन्ही मागची चाके जॅकवर उचलून एकत्र एक पूर्ण फेरा फिरवावीत आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) किती फिरतो ते मोजावे. चार फेऱ्यांच्या आसपास आकडा आला तर मूळचेच क्राउन-पिनियन आहे.

त्यानंतर माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे आधार, पाहावे. क्रायस्लरच्या ‘फ्लोटिंग पॉवर’ पद्धतीत इंजिनाचा पुढचा आधार वर, पाण्याच्या पंपाजवळ असतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना वेगळे ब्रॅकेट दिसले आणि क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या दांड्याला) गॅस कटरच्या खुणा असल्या, तर हे गॅरेजमधील काम आहे. बॅटरीही पाहावी, कारण ही गाडी मूळची ६ व्होल्टची आहे आणि एवढे डिझेल इंजिन फिरवायला त्या वेळचे फिटर १२ व्होल्टचा स्टार्टर लावत असत.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

नोंदणीपुरते लिहितो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच विंटेज ठरते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्यापूर्वी आरसी बुकात इंधन आणि इंजिन क्रमांक काय लिहिला आहे, तो बदल कोणत्या तारखेला नोंदवला आहे, हे आधी पाहावे. माझे मत विचाराल तर केवळ विंटेज नोंदणीसाठी चालते इंजिन काढून टाकणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता (कोथरूड)

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी चाके उचलून पाहिली. शाफ्टचे फेरे चाराला किंचित कमी भरले. क्रॉस मेंबरवर कटरने कापल्याची वेडीवाकडी कड स्पष्ट दिसते. डावे ब्रॅकेट जाड लोखंडी पट्टीच्या तुकड्यातून घडवलेले आहे, त्यावर हातोड्याचे घाव अजून तसेच आहेत. आरसी बुकात डिझेलची नोंद १९६४ची निघाली, म्हणजे घरातील समजूत चुकीची होती. ते ब्रॅकेट ज्याने बसवले त्याने ते इतक्या निगुतीने बसवले आहे की काढायला हात धजावत नाही, त्यामुळे पी४ तसेच ठेवायचे आणि विंटेज नोंदणीचा विचार सोडायचा असे ठरवले आहे. आता फक्त इंजिन गार असताना पांढरा धूर फार येतो. पी४चे नोझल (इंधन फवारणारे भाग) तपासून देणारे जुने पंप-दुरुस्तीवाले भवानी पेठेत किंवा आसपास अजून आहेत का, हे कोणी सांगू शकेल का?