मदत हवी आहे: तैलचित्रांच्या फोटोत तांबड्या मातीचा रंग बिघडतोय

नमस्कार मंडळी,

माझे मामा वेंगुर्ल्याला असतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण रोजचं रंगवणं सुरूच आहे. बहुतेक कॅनव्हासवरची तैलचित्रं: बंदर, दीपगृहाकडे चढणारी वाट, पहिल्या पावसानंतरचे मळे. ही चित्रं इंटरनेटवर ठेवायची आहेत. ज्यांनी ती कधी समोर पाहिली नाहीत त्यांनाही मामांचे रंग जसेच्या तसे दिसावेत, एवढीच इच्छा.

मुख्य अडचण रंगाची. मामांच्या चित्रात तांबडी माती भरपूर. बर्न्ट सिएनात यलो ऑकर मिसळून ते ती करतात. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग आपोआप जुळवणारी सोय) इतका तांबडा पाहिला की तो उजेडाचाच समजतो आणि काढून टाकतो. माती राखाडी होते, भाताचा हिरवा भडक होतो. फोटो पाहून मामा म्हणाले, "ही आमची माती नाय." खरंच नाही.

अंगणात सावलीत काढावं, तर एका बाजूने चिऱ्याच्या भिंतीची तांबूस झाक येते, दुसऱ्या बाजूने माडांची हिरवट. आत आणलं की खिडकीचा उजेड वेगळा, ट्यूबचा वेगळा. शिवाय संध्याकाळच्या बंदराच्या चित्रात गडद पाण्यावर वॉर्निश चमकतं आणि होड्या दिसेनाशा होतात.

जुना डीएसएलआर, सोबतची १८-५५ लेन्स आणि ट्रायपॉड आहे. सर्वांत मोठं चित्र चार फूट रुंद, काच कुठल्याच चित्राला नाही. थोडा खर्च करायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

रात्री काढा. दारं-खिडक्या लावा, घरातले बाकी दिवे बंद करा. माड आणि चिरा दोन्हींचा प्रश्न तिथेच मिटतो.

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन एलईडी घ्या. खोक्यावर सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ किंवा जास्त लिहिलेलं पाहा. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंगच आधी मरतो, आणि तुमचं सगळं काम लालावर आहे. दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, जमेल तितके लांब ठेवा. मधोमध पेन्सिल चित्राला काटकोनात धरा. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच गडद पडल्या की उजेड सारखा.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग न बदललेली मूळ फाइल) घ्या. प्रत्येक बैठकीत एक फोटो चित्रापुढे ग्रे कार्ड (कुठलीच झाक नसलेलं राखाडी कार्ड) धरून काढा आणि त्यावरून सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स लावा. मातीचा रंग यानेच परत येईल. कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद वापरू नका. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं निळसर उजेड फेकतात, मग चित्र उगाच पिवळं होतं.

लेन्स १८ वर ठेवलीत तर कडा फुगतील. ५० च्या आसपास, एफ/८ (लेन्सचं छिद्र मध्यम), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता कमी), टायमर लावून. चार फुटी चित्राला दहाएक फूट मागे जावं लागेल, म्हणजे पडवी पुरणार नाही, माजघरच बघा. चित्राच्या जागी भिंतीला आरसा सपाट टेकवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ आहे.

प्रतिसाद २

चमकेबद्दल. मी सावंतवाडीच्या गंजिफांचे (हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचे) फोटो काढते, त्यांच्यावर लाखेची झिलई असते. कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी) एकाच दिशेने लावा (बल्बला चिकटवू नका, तापते) आणि लेन्सवर पोलरायझर फिरवत चमक जाईपर्यंत बघा. नुसता लेन्सवरचा फिल्टर समोरून काढताना फारसा उपयोगी पडत नाही.

शेवटी फाइल एसआरजीबीमध्येच (इंटरनेटवर सर्रास वापरली जाणारी रंगपद्धत) सेव्ह करा, नाहीतर काही ठिकाणी रंग फिके दिसतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मामा सुरीने जाड रंग लावतात. पोलरायझरने तो उठाव सपाट होईल का?

प्रतिसाद २

पूर्ण फिरवलात तर होईल. चमक अगदी नाहीशी व्हायच्या थोडं अलीकडे थांबा. जाड रंगाच्या चित्रांना मी एका बाजूचा दिवा जरा मागे घेते, म्हणजे सुरीच्या कडांना सावली राहते. कुठे थांबायचं ते मामांना चित्राशेजारी उभं करून ठरवा.