अंड्यातून हाताने काढलेलं पिल्लू उभं राहत नाहीये, लवकर सांगा प्लीज

चिंचेखालचं_घर
नमस्कार, आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे, घरच्यापुरत्या गावठी कोंबड्या आहेत. एक कोंबडी खुडूक झाली म्हणून 11 अंडी घालून बसवली होती. काल 21 दिवस भरले, 9 पिल्लं निघाली, एक अंडं नासकं होतं आणि अकराव्याला नुसती टोच पडलेली, आतून चिवचिव ऐकू येत होती. आज सकाळी कोंबडी त्या नऊ पिल्लांना घेऊन उतरली आणि ते अंडं तिथेच गार पडायला लागलं, मग मला राहवेना, घरात आणून नखाने हळूहळू टरफल काढलं. काढताना थोडं रक्त आलं. तेव्हापासून पिल्लू कुशीवर पडून आहे, मान खाली टाकलीये, पाय दोन बाजूंना फाकलेत, मधूनच तोंड उघडतं. सासूबाईंनी कापसाने दोन थेंब दूध पाजलं पण ते बाहेरच आलं. धो धो पाऊस आहे, सकाळपासून लाईट नाही. मुलगी दुसरीत आहे, शाळेतून आल्यापासून जवळून हलत नाहीये. काय करू सांगा, काहीही चालेल.

माळावरची_पोल्ट्री
ताई, आधी दूध बंद करा. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही घातलं तरी ते श्वासनळीत जातं. पिल्लू उपाशी मरेल ही भीती सोडून द्या, अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेऊनच ते बाहेर येतं, त्यावर दोन दिवस, कधी तीन दिवसही निघतात. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यातून लांब लांब जातात ती याच जोरावर. पण गारठा त्याला दोन तासही सहन होत नाही. हात लावून बघा, पाय आणि पोट गार लागतंय का? आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

चिंचेखालचं_घर
पाय एकदम गार आहेत हो. लाईटच नाही तर बल्ब कसा लावू? आणि घरात सगळे एलईडी आहेत.

माळावरची_पोल्ट्री
एलईडी लाईट असताना पण उपयोगाचा नाही, त्याची ऊब पुरत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, हाताला सोसेल एवढंच, बाटली जुन्या मोज्यात नाहीतर फडक्यात गुंडाळून खोक्यात एका कडेला ठेवा आणि पिल्लू तिला टेकवून ठेवा. वरून सुती कापड सैल टाका, वारा लागू देऊ नका पण हवा कोंडू पण नका. दर दीड दोन तासांनी पाणी बदला, रात्री पण उठावं लागेल. अंग ओलं असेल तर आधी मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. चुलीजवळ ठेवू नका, धूर लागतो. लाईट आल्यावर गोठ्यात नाहीतर माळ्यावर जुना 60 चा पिवळा बल्ब पडलेला असेल तर शोधा, खोक्याच्या एका टोकाला फूट दीड फूट उंचीवर लावा म्हणजे दुसरी बाजू थंड राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 डिग्रीच्या आसपास लागतं. पिल्लू चोच उघडून धापा टाकत लांब गेलं तर जास्त झालं, बल्बखाली येऊन ओरडत बसलं तर कमी पडतंय.

घाटावरचा
माझं म्हणणं कडू लागेल पण खरं तेच सांगतो. आमचे आजोबा अशा पिल्लाला हात लावत नसत. जे स्वतः टरफल फोडू शकत नाही ते पुढे पण कमजोरच निघतं. तुम्ही रात्र रात्र जागून वाचवाल, पण मोठं झाल्यावर त्याच्यापासून अंडी धरू नका एवढं नक्की करा, नाहीतर तीच कमजोरी पुढच्या पिल्लात उतरते.

माळावरची_पोल्ट्री
दादा, पैदाशीचं बरोबर आहे तुमचं. पण इथे कोंबडी उतरल्यामुळे अंडं गार पडलं, पिल्लू मुळातच दुबळं होतं असं कशावरून? वाचवून बघायला काय हरकत आहे.

डॉक्टरबाईंची_शेजारीण
मी स्वतः डॉक्टर नाही पण पशुवैद्यकीय दवाखान्यात सहा वर्षं मदतनीस म्हणून काम केलंय. ताई, रक्त आलं याचा अर्थ टरफल थोडं लवकर निघालं. टोच पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला 12 ते 24 तास लागतात, आपल्याला वाटतं अडकलंय, पण तेवढ्यात आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात आणि बलक पोटात जात असतो. झालं ते झालं, तुम्ही जीव वाचवायलाच काढलंत. पुढच्या वेळी टरफलाखालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर लाल रेघा दिसल्या की थांबा, कोमट ओला कापूस पापुद्र्याला लावा आणि अंडं उबेत ठेवा.

आता पोट बघा. खाली बेंबीशी बारीक काळपट दोरा नाहीतर खपली असेल ती ओढू नका, खूप जण घाण समजून ओढतात आणि आतडं बाहेर येतं. तिथे कापसाने पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब लावा, बास. पोट फुगलेलं, निळसर आणि वास येणारं असेल तर बेंबीतून संसर्ग गेलाय, मग घरी काही करू नका, 1962 ला फोन करा, तो सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका, एवढ्याशा जिवाला किती द्यायची ते आपल्याला कळत नाही.

पोट मऊ असेल आणि पिल्लू गरम होऊन मान उचलायला लागलं तर अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा चमचा गूळ विरघळवून काडीने एक थेंब चोचीच्या कडेला लावा. ते स्वतः गिळेल, गिळलं की मगच दुसरा. ड्रॉपर तोंडात घालून दाबू नका. गूळ फक्त पहिला दिवस, नंतर साधं पाणी, नाहीतर पातळ हगतं.

चिंचेखालचं_घर
(दुसऱ्या दिवशी सकाळी) जिवंत आहे!! रात्री चार वेळा बाटली बदलली, एकदा यांनी बदलली. पहाटे साडेचारला बघितलं तर मान वर होती, अंग सुकून पिसं फुलली होती आणि बाटलीच्या मोज्यात चोच खुपसून बसलेलं. गुळाचे सात आठ थेंब गिळले. पोट मऊ आहे, वास नाही. लाईट पण आली, बल्ब मिळाला. पण पाय अजून तसेच, उठायला गेलं की दोन्ही पाय घसरून बाजूला जातात आणि छातीवर पडतं.

माळावरची_पोल्ट्री
वा! खोक्यात खाली काय घातलंय? पेपर असेल तर आत्ताच काढा. गुळगुळीत पेपरवर चांगल्या पिल्लाचे पाय पण फाकतात. खरखरीत कापड घाला, सुटे दोरे नसलेलं, ते पायाला गुंडाळतात. चार पाच दिवसांनी भाताचं तूस घातलं तरी चालेल, सुरुवातीला नको, खाणं समजून टिपतात.

पायांना बँडेजपट्टी लावा. साधी औषधाची पट्टी उभी कापून अर्धी करा, एक टोक एका पायाला, दुसरं दुसऱ्याला, गुडघ्याच्या खाली, आणि मधलं अंतर एक इंचापेक्षा थोडं कमी, म्हणजे नीट उभं राहिलेल्या पिल्लाचं असतं तेवढं. आवळू नका, पाऊल सुजलं नाहीतर गार पडलं तर लगेच सोडा. रोज काढून नवी लावा. पहिल्या दोन चार दिवसांत हाडं मऊ असतात तेव्हाच सरळ होतात, आठवडा गेला की अवघड आहे म्हणून आजच करा. पट्टी लावल्यावर पिल्लू तोंडावर पडेल, घाबरू नका, अर्ध्या तासात शिकतं. पाणी बाटलीच्या झाकणात द्या आणि त्यात चार खडे टाका, पट्टी बांधलेलं पिल्लू एवढ्याशा पाण्यात पण बुडतं.

डॉक्टरबाईंची_शेजारीण
आणि एकटं ठेवू नका. त्या नवातलं एखादं शांत पिल्लू सोबतीला ठेवा, पण याची शी पांढरी पातळ असेल तर नको, तशी हगवण एकापासून दुसऱ्याला लागते. पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवा, मुलीला पण सांगा. खायला मक्याचा बारीक भरडा नाहीतर चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) चिमूटभर कापडावर टाका आणि बोटाच्या नखाने टकटक करा, कोंबडी जशी टोचून दाखवते तसं. ढुंगणाला शी चिकटून वाळली तर तो मार्ग बंद होतो आणि पिल्लू त्याने मरतं, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सुटू द्या, ओढू नका, मग कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट लावा.

चिंचेखालचं_घर
(चौथा दिवस) फोटो टाकता येत नाहीये म्हणून लिहिते. पट्टी दोनदा बदलली, आज काढली तर उभं राहिलं, डावा पाय अजून जरा बाहेर टाकतं पण पळतं. टकटक केली की धावत येतं, आता ते काम मुलीकडे आहे, भाताची कणी पण टिपायला लागलंय. सोबतीला एक काळं पिल्लू ठेवलंय, दोघं एकमेकांच्या अंगावर झोपतात. आता कोंबडीकडे कधी सोडू? काल दुपारी जवळ नेलं तर तिने टोचलं.

घाटावरचा
दुपारी नाही ताई, रात्री. पूर्ण अंधार पडला की कोंबडी पिल्लं पोटाखाली घेऊन बसते तेव्हा बॅटरी न लावता मागच्या बाजूने दोघांना एकदमच पंखाखाली सरकवा, सोबतचं पिल्लू तिचंच आहे त्यामुळे सोपं जाईल. जास्त दिवस घालवू नका, आठवडा झाला की ती घेत नाही. आणि पहाटे उजाडायच्या आत तिथे जाऊन बसा, टोचायला लागली तर लगेच उचलता येईल. ओल असेल तर डालग्याखाली सुकं गवत घाला. बरं केलंत जागलात ते.

चिंचेखालचं_घर
काल रात्री आठला ठेवली दोघं. कोंबडी गुरगुरली, जराशी उठली आणि परत बसली. पहाटे पाचला मी आणि मुलगी खुराड्यापाशी बसलो होतो. उजाडल्यावर कोंबडी उतरली, पिल्लं एकेक करून बाहेर आली आणि हे सगळ्यात शेवटी, डावा पाय बाहेर टाकत. तिने एकदा वाकून बघितलं, टोचलं नाही. बल्ब अजून काढला नाहीये, दोन दिवस राहू दे म्हटलं.