वजन उतरवायचंय, नेमकं काय सोडू?

पणजीकर: डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. रात्रीचा भात बंद केला, तरी काटा हलत नाही. सकाळी पातळ भाजी-पाव, चार वाजता ऑफिसखाली चहा नि बन्स, शनिवारी गोड लिंबू-पेयात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. मासे सोडा म्हणू नका.

फोंड्याची काकी: मासे कोण सोडायला सांगतंय रे! बांगडा रव्यात घोळून तेलात पोहवू नकोस, हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत घाल, खोबरं जरा हात राखून. बन्स मात्र आजच बंद. मैदा, केळं, साखर आणि वर तळण, राहिलं काय? पावाऐवजी पोई, म्हणजे कोंड्याचा पाव घे, पण पदेरासमोरच, म्हणजे पाववाल्यासमोरच मोडून बघ. आत पांढरीफटक निघाली तर तो मैदाच, कोंडा नुसता वर भुरभुरलेला.

बार्देसकर: 1 ग्रॅम अल्कोहोलमध्ये 7 कॅलरी, साखरेत 4. 300 मिली गोड शीतपेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते. उर्राक सुटत नसेल तर एकच पेला, साधा सोडा, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची. आणि काजू समोर ठेवूच नका, गप्पांत वाटी कधी रिकामी होते कळत नाही.

पणजीकर: सोलकढी चालेल ना?

फोंड्याची काकी: नारळाच्या दुधाची रोज नको. फुटी कढी, म्हणजे नारळाच्या दुधाशिवायची कोकमाची कढी कर, हवी तेवढी पी. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, त्याला आरोग्यदायी म्हणून घरात घेऊ नकोस. आणि चहात साखर किती घालतोस ते लिहिलंच नाहीस!

पणजीकर: काकी, दोन चमचे. कपही मोठा आहे.